ओव्हरफ्लो शांत करायचा असेल तर व्हॉल्व्हला हात सगळ्यात शेवटी लावा

माशांच्या टाकीतून गुळगुळ आवाज यायला लागला की पहिला हात व्हॉल्व्हकडे जातो. थोडा बंद केला की आवाज थांबतो. अर्ध्या तासाने पाणी वर चढलेलं दिसतं, मग थोडा उघडायचा, की गुळगुळ परत सुरू. आठवडाभर हेच चालतं आणि शेवटी ‘डिझाइनच चुकलंय’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा डिझाइनमध्ये काही खोट नसते. पंपाचा प्रवाह ठरलेला नसतो, संपमधली (मुख्य टाकीखाली ठेवलेल्या, पंप असलेल्या छोट्या टाकीतली) पातळी स्थिर नसते, आणि व्हॉल्व्ह फिरवल्यानंतर पुरेसं थांबलेलं नसतं. या तीन गोष्टी जमल्याशिवाय व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही. म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो मोडू नका.

हा लेख संप असलेल्या, काचेला भोक पाडून बसवलेल्या ओव्हरफ्लोसाठी आहे, म्हणजे मुख्य टाकीतलं जादा पाणी पाइपांतून संपमध्ये उतरवणाऱ्या रचनेसाठी. तिथून पंप ते परतीच्या पाइपने वर पाठवतो. पाणी गोडं असो की खारं, पद्धत तीच.

## आधी कोणता पाइप काय करतो ते ओळखा

सायफन पाइप: हा पूर्ण पाण्याने भरून चालतो, आत हवा नसते. म्हणून आवाजही नसतो. व्हॉल्व्ह फक्त याच पाइपला लागतो.

उघडा पाइप: याच्या वरच्या टोकाला हवेची नळी किंवा भोक असतं. पाणी पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ पदरासारखं उतरतं, मधून हवा खेळती राहते. सायफनला न झेपलेलं थोडंसं पाणी हा घेतो.

आपत्कालीन पाइप: याचं तोंड सगळ्यात उंच. एरवी कोरडा.

तिन्ही पाइप असतील तर त्या रचनेला ‘बीन अॅनिमल’ म्हणतात. सायफन आणि आपत्कालीन असे दोनच असतील तर ‘हर्बी’. एकच उघडा पाइप असेल तर ‘डर्सो’. त्याच्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण त्याला व्हॉल्व्हने शांत करायचं नसतंच.

> इशारा: उघड्या किंवा आपत्कालीन पाइपवर व्हॉल्व्ह बसवू नका. कुणी बसवून दिला असेल तर काढून टाका. साफसफाई करताना चुकून बंद राहिलेला एक व्हॉल्व्ह संपमधलं पाणी जमिनीवर आणू शकतो.

## तयारी

हाताशी ठेवा: मार्कर, चिकटपट्टी, मोजपट्टी, टॉर्च, १० लिटरची बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि दोनचार जुने टॉवेल. पंपाची वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर जाते ना, ते पाहा. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोक्यातून खाली ठिबकलं पाहिजे, सॉकेटपर्यंत पोचता कामा नये.

सायफनवर बॉल व्हॉल्व्ह असेल तर तो बदलून गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेरीत पूर्ण उघड्यापासून पूर्ण बंद होतो, त्यामुळे दांडा केसभर हलला तरी प्रवाह बराच बदलतो. गेट व्हॉल्व्हला अनेक फेऱ्या असतात, त्यामुळे बारीक फरक हातात राहतो. बदलताना व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाका, म्हणजे पुढे साफ करायला पाइप कापावा लागणार नाही. व्हॉल्व्ह शक्यतो खाली, संपजवळ असावा. हात पोचतो आणि त्याच्या वरचा सगळा पाइप पाण्याने भरलेला राहतो.

## पायरी १: पंप बंद असताना तोंडं आणि टोकं तपासा

पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (पाइपांची तोंडं असलेल्या कप्प्यात) टॉर्च मारा. टाकीतलं पाणी ज्या दातेरी काठातून बॉक्समध्ये येतं, त्या कंगव्याच्या दातांत शेवाळ, पानं, गोगलगाय अडकली असेल तर काढा. कंगवा अर्धा तुंबलेला असताना केलेली जुळवणी कंगवा साफ केल्या दिवशी बिघडते.

सायफनचं तोंड एल्बोने (वळणाच्या जोडाने) खाली वळवलेलं असावं. सरळ वर उघडं असलं तर पाण्यात भोवरा तयार होतो आणि त्यातून हवा आत ओढली जाते. तोंडावर जाळी हवी. आपत्कालीन पाइपवर मात्र बारीक जाळी नको. तुंबू शकणारी कुठलीच गोष्ट तिथे नको.

आता संपकडे या. सायफनचं खालचं टोक पाण्यात १ ते २.५ सेंमी बुडलेलं असावं, जास्त नाही. इथे फार जण चुकतात. आवाज कमी होईल म्हणून पाइप १५ सेंमी खोल सोडतात. पंप सुरू होताना पाइपमधली हवा याच टोकातून बाहेर पडायची असते. टोक खोल असलं की हवा पाण्याच्या दाबाखाली आत कोंडते, सायफन पकड घेत नाही आणि बॉक्समधलं पाणी चढत राहतं. एक बारकावा लक्षात ठेवा. पंप बंद असताना टाकीतलं पाणी उतरून संप भरलेला असतो, म्हणजे टोक चालू स्थितीपेक्षा जास्त खोल जातं. हवा बाहेर पडायची वेळ नेमकी तीच. म्हणून बुडालेली खोली दोन्ही स्थितींत मोजा.

उघड्या पाइपचं टोकही जेमतेम बुडालेलं असावं. आपत्कालीन पाइपचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवा. त्यात कधी पाणी आलं तर मोठा आवाज व्हायलाच हवा. तो आवाज हीच तुमची घंटा आहे.

> तपासा: सायफनचं टोक संपच्या कोणत्या कप्प्यात सुटतं? ते पंपाच्या कप्प्यात असेल तर हलवा. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते पंपाच्या कप्प्यात. तिथली पातळी रोज उतरली की सायफनचा प्रवाहही रोज थोडा बदलतो. आडव्या काचेने पातळी बांधलेल्या पहिल्या कप्प्यात टोक असलं की ही कटकट राहत नाही.

## पायरी २: पंपाचा प्रवाह ठरवा आणि मग त्याला हात लावू नका

सायफनची जुळवणी एका ठराविक प्रवाहासाठीच होते. प्रवाह बदलला की ती गेली. म्हणून वेग कमी-जास्त करता येणारा पंप असेल तर वेग आत्ताच ठरवा. दिवसा जास्त, रात्री कमी अशी वेळापत्रकं बंद करा. पंपाच्या लाइनवरून रिअॅक्टर किंवा यूव्ही दिवा अशा एखाद्या उपकरणाला फाटा काढलेला असेल तर तोही नेहमीच्या स्थितीत सुरू ठेवा.

प्रवाह मोजायचा असेल तर परतीचा पाइप टाकीच्याच उंचीवर बादलीत सोडा आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. १८ सेकंद लागले तर प्रवाह तासाला २,००० लिटर. या वेळात संपमधून १० लिटर निघून जातात, त्यामुळे पंप कोरडा पडत नाही ना याकडे लक्ष ठेवा. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा इथे कामाचा नाही. पाणी उंच चढवताना आणि वळणांतून जाताना प्रत्यक्ष प्रवाह त्याहून कमी मिळतो.

पंप जुना किंवा शेवाळलेला असेल तर आधी तो साफ करा. मळलेल्या पंपावर जुळवणी केली तर साफ केल्यावर पाणी वाढतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## पायरी ३: वीज गेल्यावर संप पुरतो का ते पाहा

हे व्हॉल्व्हच्या आधी करायचं, कारण यात गडबड निघाली तर पाण्याच्या पातळ्याच बदलाव्या लागतात.

पंप सुरू करून पाणी स्थिर होऊ द्या, मग सॉकेटवरून बंद करा आणि शेवटपर्यंत उभं राहून पाहा. टाकीतलं पाणी कंगव्याच्या काठापर्यंत उतरेल. बॉक्स आणि पाइप रिकामे होतील. परतीचा नळ पाण्यात बुडालेला असेल तर तोच उलटा सायफन होऊन टाकी खाली ओढेल.

हिशेब साधा आहे. १२० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद टाकीत पातळी १ सेंमी उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. परतीच्या नळाचं तोंड ३ सेंमी खोल असेल तर तेवढ्यानेच १६ लिटर. संपात ती जागा मोकळी हवी. नळाला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडतात, त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. पण त्या भोकात शेवाळ भरतं. त्याच्या भरवशावर संप काठोकाठ भरू नका. नळाचं तोंडच उथळ ठेवा.

पाणी उतरायचं थांबलं की संपाच्या काचेवर मार्करने रेघ मारा. चालू स्थितीतली दुसरी रेघ नंतर माराल.

## पायरी ४: आपत्कालीन पाइप खरोखर पाणी पेलतो का

सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात गरजेची चाचणी.

पंप सुरू करा. सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. दुसरा हात पंपाच्या बटणावर ठेवा. बॉक्समधलं पाणी चढेल. तीन पाइपांच्या रचनेत ते उघड्या पाइपच्या हवानळीचं तोंड बुडवेल, हवा बंद होईल आणि तो पाइप धाडकन सायफनसारखा ओढायला लागेल. पाणी झपकन खाली येईल, नळी उघडी पडेल, पाणी परत चढेल. आवाज मोठा येतो, पण चूक काही नाही. हेच अपेक्षित आहे.

आता उघड्या पाइपचं तोंडही बुचाने बंद करा. सगळं पाणी एकट्या आपत्कालीन पाइपमधून गेलं पाहिजे आणि टाकीची पातळी काठाच्या खाली थांबली पाहिजे. दोन पाइपांच्या रचनेत व्हॉल्व्ह बंद करताच ही स्थिती येते. पाच मिनिटं चालू द्या.

> इशारा: पाणी काठाकडे चढतच राहिलं तर पंप लगेच बंद करा. पंपाचा वेग कमी करा किंवा पाइप मोठा घ्या. ‘एरवी तर सायफन असतोच’ म्हणून पुढच्या पायरीवर जाऊ नका.

माझ्या टाकीत एकदा मध्यरात्री हा पाइप गडगडायला लागला. व्हॉल्व्हला कुणी हात लावला नव्हता. युनियन उघडली तर वाटाण्याएवढी गोगलगाय व्हॉल्व्हच्या पात्याखाली आडवी बसली होती, शंखाचं तोंड प्रवाहाकडे. सायफनचं पाणी निम्म्याहून कमी झालं होतं. टाकीच्या काठापर्यंत दोन बोटं अंतर राहिलं होतं, पण थेंबही बाहेर सांडला नव्हता. तेव्हापासून ही चाचणी मी दर काही महिन्यांनी करतो.

## पायरी ५: सायफनला पकड घेऊ द्या

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पंप सुरू करा. संपात बुडबुड्यांचा मोठा लोट येईल, गडगड होईल, मग बुडबुडे कमी होतील. दोनतीन मिनिटांत सायफनच्या टोकातून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं पाणी यायला हवं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असल्यामुळे सायफन पंपापेक्षा जास्त ओढतो. त्यामुळे बॉक्समधलं पाणी तोंडापर्यंत उतरून तो अधूनमधून हवा घेईल. इथे तो आवाज चालेल.

बुडबुडे थांबतच नसतील तर तीन ठिकाणी पाहा: खालचं टोक फार खोल आहे का, पाइपमध्ये आडवा लांब तुकडा आहे का, आणि एखादा सांधा हवा ओढतोय का. आडव्या तुकड्यात हवेचा फुगा अडकून बसतो. पाइपला उतार द्या आणि ९० अंशांच्या एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं वापरा.

## पायरी ६: आता व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं

व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत जा. सुरुवातीला अर्धी फेरी चालेल. बॉक्समधलं पाणी चढायला लागलं की अष्टमांश फेरीच्या वर जाऊ नका. प्रत्येक वेळी बॉक्सच्या बाहेर चिकटपट्टीवर पातळीची खूण करा, दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा पाहा.

दहा मिनिटं कशाला, हे एकदा आकड्यांत पाहिलं की पटतं. सायफनमधला प्रवाह हा बॉक्समधली पातळी आणि संपमधली पातळी यांतल्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ही उंची १ मीटर धरा. बॉक्समधलं पाणी २ सेंमी चढलं की उंची २ टक्के वाढते, पण प्रवाह वाढतो फक्त १ टक्का. म्हणजे सायफन पंपाहून १ टक्का कमी पडत असेल तर तो फरक भरून काढायला पाण्याला पूर्ण २ सेंमी चढावं लागतं. तासाला २,००० लिटरचा १ टक्का म्हणजे २० लिटर, मिनिटाला सुमारे ३३३ मिलिलिटर. बॉक्स आतून २० बाय २० सेंमी असेल तर पाणी सुरुवातीला मिनिटाला ८ मिलिमीटर चढतं आणि जसजसं चढतं तसतसा त्याचा वेग मंदावतो. ते पुरतं थांबायला आठ-दहा मिनिटं जातात. दुसऱ्याच मिनिटाला ‘अजून चढतंय’ म्हणून व्हॉल्व्ह उलटा फिरवणारा माणूस दिवसभर फिरवतच राहतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. सायफन स्वतःला फारसा सावरू शकत नाही. पंपाच्या प्रवाहात २ टक्के फरक पडला तर पाणी ४ सेंमी वर किंवा खाली जाणार. म्हणून सगळं पाणी सायफनमधूनच घालवायचा हट्ट धरू नका. सायफन जवळजवळ सगळं घेईल आणि उरलेलं थोडंसं उघड्या पाइपमधून झिरपेल, अशा जागी थांबा. पुढे पंपाचा प्रवाह थोडा घटला-वाढला तरी हा झिरपा कमीजास्त होतो आणि पातळी जागची हलत नाही.

तीन पाइप असतील तर उघड्या पाइपच्या तोंडावरून पाण्याचा पातळ पदर आत उतरायला लागला की थांबा. झिरप्याची धार झाली, कानाला खळखळ लागली, तर व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा.

दोन पाइप असतील तर पाणी सायफनच्या तोंडाच्या किमान ५ सेंमी वर आणि आपत्कालीन पाइपच्या तोंडाच्या खाली ठेवता येतं. मी मात्र आपत्कालीन पाइपमध्ये बोटाच्या रुंदीएवढा ओघळ जाऊ देतो. टोक संपाच्या पाण्याच्या वर असल्याने तो थोडा टपटपतो, म्हणून ओघळ पाइपच्या आतल्या कडेवरून उतरेल असा ठेवतो. पाइप कोरडाच ठेवायचा असेल तर महिन्यातून दोनतीनदा पातळी पाहावी लागेल.

> तपासा: कंगव्यातून पाणी बॉक्समध्ये किती उंचीवरून पडतं? पाण्याचा आवाज म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो तो अनेकदा पाइपचा नसतो, या छोट्या धबधब्याचा असतो. ही उंची ३ ते ५ सेंमीवर आणली की तो थांबतो. पाइपांची तोंडंच खोल असतील तर व्हॉल्व्हने हे जमणार नाही. उघडा आणि आपत्कालीन पाइप वरून लांब करावे लागतील, आणि त्यानंतर पायरी ४ पुन्हा.

## पायरी ७: हवानळीचं टोक ठरवा

तीन पाइपांच्या रचनेत उघड्या पाइपच्या हवानळीचं मोकळं टोक नेहमीच्या पातळीच्या थोडं वर, पण आपत्कालीन पाइपच्या तोंडाच्या खाली किंवा फारतर बरोबरीला असावं. फार खाली असेल तर पातळी जरा हलली तरी नळी बुडते आणि उघडा पाइप मधूनच ओढ घेतो. फार वर असेल तर गरजेच्या वेळी ती बुडतच नाही. नळी क्लिपने घट्ट बसवा, लोंबती ठेवू नका. खाऱ्या पाण्याच्या टाकीत टोकाला मिठाचा थर धरतो, तो दर महिन्याला गरम पाण्याने धुवा.

## पायरी ८: तीनदा बंद, तीनदा सुरू

पंप बंद करून पाणी पूर्ण उतरू द्या, मग सुरू करा. व्हॉल्व्हला हात न लावता काही मिनिटांत सगळं आपोआप शांत झालं आणि पाणी चिकटपट्टीवरच्या खुणेवर आलं तर ठीक. असं तीनदा करा. एकदाच जमलं तर तो योगायोग असू शकतो. घरात कुणी नसताना वीज जाईल तेव्हा टाकीला हे एकटीनेच करायचं आहे.

मग २४ तास सोडून द्या. दुसऱ्या दिवशी एखादी बारीक दुरुस्ती लागते, कारण पाइपच्या भिंतींना चिकटलेले बुडबुडे हळूहळू सुटतात. शेवटी व्हॉल्व्हच्या चाकावर आणि बॉडीवर समोरासमोर मार्करची खूण करा आणि पूर्ण बंदपासून ही जागा किती फेऱ्यांवर आहे ते मोजून पाइपवरच लिहून ठेवा. संपाच्या काचेवर चालू स्थितीची दुसरी रेघ मारा. पाणी भरताना पंपाचा कप्पा या रेघेच्या वर न्यायचा नाही.

## आवाजावरून दोष ओळखा

ठराविक वेळाने फ्लशसारखा आवाज: सायफन जास्त ओढतोय, पाणी तोंडापर्यंत उतरतं, हवा शिरते, पकड सुटते. व्हॉल्व्ह थोडा बंद करा.

सतत स्ट्रॉने तळ ओढल्यासारखी सुरसुर: पातळी सायफनच्या तोंडाला फार जवळ आहे आणि भोवरा होतोय. पातळी वर न्या, एल्बो तपासा.

व्हॉल्व्हपाशी बारीक सीं सीं: व्हॉल्व्ह जवळजवळ बंद आहे, म्हणजे पाइपच्या मानाने पंप फारच लहान चालतोय. जमत असेल तर पंपाचा प्रवाह थोडा वाढवा आणि पायरी ४ पासून पुन्हा करा.

संपात बारीक बुडबुड्यांचं दूध: उघड्या पाइपमधून जास्त पाणी जातंय.

काल शांत, आज खळखळ: व्हॉल्व्ह फिरवू नका. कंगवा, जाळी, पंप आणि संपची पातळी या क्रमाने पाहा. जुळवणी आपणहून बदलत नाही. कुठेतरी काहीतरी तुंबलेलं किंवा घटलेलं असतं.

## एकच पाइप असेल तर

डर्सोमध्ये झाकणावरच्या हवेच्या भोकाने जुळवणी होते. भोक फार लहान असेल तर पाइप सायफन होऊन फ्लश करतो, फार मोठं असेल तर पाण्याबरोबर हवा खाली जाऊन खळखळते. लहान भोकापासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवा. त्याहून सोपं म्हणजे तिथे हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह बसवा आणि फ्लशिंग जिथे थांबतं तिथेच ठेवा. तेवढ्यानेही शांत झालं नाही तर पंपाचा प्रवाह कमी करणं हाच उपाय. पाण्याच्या पाइपवर मात्र व्हॉल्व्ह लावू नका, कारण इथे दुसरा पाइप मदतीला नाही. म्हणूनच पंपाच्या कप्प्यात पाणी बेताचंच ठेवा: पाइप तुंबला आणि पंपाने कोरडं पडेपर्यंत सगळं वर ढकललं, तरी टाकीच्या काठाखालच्या मोकळ्या जागेत ते मावलं पाहिजे. लांबी, रुंदी आणि काठापर्यंतची मोकळी उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि १,००० ने भागा, तेवढे लिटर टाकीत मावतात. पंपाच्या कप्प्यातलं पाणी त्याहून कमी असू द्या.